शिकून घेतलेली चूक

त्रिनिदाद बेटावरच्या ला सेयबाच्या डोंगरावर ओमायराला सगळे 'कझिन' म्हणतात. कोणाची कझिन, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर टांटी फिलोने, म्हणजे फिलोमावशीने, घालून दिलेलं उत्तर तयार आहे: फिलोच्या धाकट्या भावाची नात, पूर्व किनाऱ्याकडे वाढलेली, जरा अबोल. यातलं अबोल तेवढं खरं. बाकी सगळी थाप.

टांटीचा धाकटा भाऊ लहानपणीच नदीत बुडाला होता. त्याला नात कुठून यायची? गावातल्या म्हाताऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं, कारण त्यातल्या दोघा-तिघांनीच त्याला पाण्याबाहेर काढलं होतं. पण टांटीने चर्चच्या पायरीवर उभं राहून ही नात जाहीर केली तेव्हा त्यांनी माना डोलावल्या आणि यंदा कोकोला कीड फार लागली आहे, असं बोलायला घेतलं. टांटीला खोटं पाडायची त्या डोंगरावर कोणाची छाती नव्हती.

ओमायरा मूळची इरापाची. समुद्रापलीकडे व्हेनेझुएलाचा जो चिंचोळा पट्टा हवा स्वच्छ असली की टेकडीवरून दिसतो, तिथली. तिचा नवरा आस्द्रुबाल मासेमारीची होडी चालवायचा. किनाऱ्यावर ज्यांची सत्ता चालते त्यांना ती होडी आपल्या मालासाठी हवी होती. त्याने एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. होडी नंतर दुसऱ्याच माणसाच्या हाताखाली दिसू लागली, आस्द्रुबाल कुठेच दिसला नाही. त्या वेळी ओमायरा त्रिनिदादला आली होती, पीठ आणि औषधं न्यायला, पासपोर्टावर पाहुणीचा शिक्का मारून. बहिणीने फोनवर एवढंच सांगितलं की येऊ नकोस, तुझीही चौकशी करून गेलेत. होडी कोणी नेली हे ओमायराला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

शिक्क्याची मुदत संपली त्या दिवशी काहीही झालं नाही. लोकांना वाटतं, कायदा मोडताना निदान छातीत धडधडत तरी असेल. ओमायरा त्या दिवशी सपाटीवरच्या एका बारच्या मागच्या अंगणात अळूचे कंद सोलत होती. कंद सोलून झाले, मग तिने मासे साफ केले, मग भांडी घासली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा ती बेकायदा झालेली होती, आणि हात तेवढेच खाजत होते.

जगणं मात्र त्या दिवसापासून आक्रसत गेलं. बारच्या मालकाने पासपोर्ट 'सांभाळायला' म्हणून घेतला, तो परत दिलाच नाही. पगार त्याच्या मनात येईल तेव्हा मिळायचा. कोणी तक्रारीचा सूर लावला की तो हसून पोलीस चौकीचा रस्ता दाखवायचा. ओमायरा तिथे शिकली ती सगळी गप्प राहण्याची विद्या. मॅक्सी-टॅक्सीत चढताना सगळ्यांना 'गुड आफ्टरनून' म्हणायचं, या बेटावर न म्हणणारा लगेच डोळ्यात भरतो, आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचं. उतरायचं असेल तर दुसरं कोणी घंटी दाबेल तिथे उतरायचं आणि उरलेलं अंतर चालायचं. बहिणीशी बोलायचं ते नळ धो धो सोडून. दाढ दुखली तर लवंग धरायची, आणि अगदीच सुजली तर बरोबरच्या बाईला धरायला सांगून स्वतः उपटायची. हे सगळं तिने केलं. बारमागच्या खोलीत तिच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्याच बायकांनी केलं, त्यात विशेष काही नाही, आणि हेच मला भयंकर वाटतं.

एक दिवस बारच्या दोन्ही दारांशी पोलिसांच्या गाड्या लागल्या. ओमायरा तेव्हा नेमकी मागे कचरा टाकायला गेली होती. ती तशीच गमबूट आणि एप्रनवर ओढ्यात उतरली आणि चालत सुटली. बरोबरच्या बायकांचं पुढे काय झालं ते तिला कधीच कळलं नाही. कोकोची पोती आणणाऱ्या, बारमध्ये नेहमी येणाऱ्या ट्रकचालकाने तिला रस्त्याकडेला ओळखलं आणि काही न विचारता डोंगरावर आणून सोडलं. तिथल्या एका म्हातारीला कामाला माणूस हवं होतं.

ती म्हातारी म्हणजे टांटी फिलो. फिलोमेना काल्देरोन. ऐंशीला टेकलेली, पाठीत वाकलेली, पण जिभेने ताठ. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. अरीमाला हार्डवेअरचं दुकान चालवणारा रेनॉल्ड नावाचा एक भाचा, तो वर्षाकाठी नाताळात तोंड दाखवायचा आणि जाताना डिकी भरून संत्री न्यायचा. टांटीने पहिल्या दिवशी ओमायराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हिच्याने कोकोचं ओझं उचलायचं नाही, असं तिच्या तोंडावर सांगितलं. संध्याकाळी ओमायराचा हात उकळत्या भांड्याला चिकटला आणि तोंडून निघून गेलं, "आय, व्हिर्हेन देल वाये." देवी माते, असंच म्हणायचं असतं ते, तिच्या किनाऱ्यावर.

टांटी दारात उभी होती. ती भाजलेल्या हाताकडे बघेचना.

"परत म्हण."

"काय?"

"आत्ता ओरडलीस ते. माझी आई असंच ओरडायची. साठ-सत्तर वर्षांत मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं."

त्या डोंगरावरचे लोक मूळचे पलीकडचेच. त्यांचे आजे-पणजे कोकोच्या मळ्यांवर राबायला आले, इथलेच झाले, आणि भाषा हळूहळू झिजत गेली. आता घरात, दुकानात, भांडणात सगळी इंग्रजी. स्पॅनिश उरली ती नाताळच्या गाण्यांत आणि जपमाळेत, आणि तीही अर्थ गळून गेलेली. पोपटासारखी नाही म्हणणार मी, कारण पोपटाला भक्ती नसते. यांना भक्ती भरपूर होती, फक्त शब्द कोणते ते माहीत नव्हते.

पहिल्याच आठवड्यात टांटीने तिला जपमाळेला बसवलं. ओमायराने डोळे मिटले आणि टांटीचा खडबडीत आवाज सुरू झाला. मारियेची प्रार्थना. "येना एरे दे ग्रासा." ओमायराने एक डोळा उघडला. पुढच्या मण्याला पुन्हा ग्रासा. तिसऱ्या मण्याला तिचं हसू आवरेना. तिने एप्रन तोंडात कोंबला, खोकल्याचं सोंग केलं, पण खांदे हलत होते. ग्रासिया म्हणजे देवाची कृपा. ग्रासा म्हणजे चरबी. हे मारिये, तू कृपेने भरलेली आहेस, असं म्हणायचं सोडून अख्खा डोंगर पिढ्यान् पिढ्या देवाच्या आईला सांगत होता की तू चरबीने भरलेली आहेस.

टांटीने माळ खाली ठेवली आणि काय झालं ते विचारलं. ओमायराने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला आपण काय करून बसलो ते कळलं. म्हातारीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. पुढचे दोन दिवस टांटी तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन तिने विचारलं की मग खरं काय म्हणायचं. ओमायराने सांगितलं. टांटीने खूप प्रयत्न केला, पण आयुष्यभराच्या सवयीपुढे जीभ वळेना. प्रत्येक वेळी शेवटचा 'या' घसरून पडायचा.

तेव्हा टांटीला एक गोष्ट सुचली, आणि ओमायराचं पुढचं सगळं आयुष्य त्या गोष्टीवर उभं राहिलं.

"माझी जीभ वळत नाही," टांटी म्हणाली, "तर तुझी वळव. चूक शिक. या डोंगरावर जन्मलेल्या माणसाखेरीज असं कोणी म्हणत नाही. ते गाड्या घेऊन आले, आणि तू मारियेला चरबीची म्हणालीस, तर कोणाची बिशाद आहे तुला परकी म्हणायची."

मग सुरू झाली शिकवणी. दुपारी कोकोच्या बिया उन्हात पसरलेल्या, दोघी अनवाणी पायांनी त्या घोळवत फिरताहेत, आणि टांटी तपासते आहे. जरा 'या' डोकावला की ती थांबायची. "गिळ तो. गिळून टाक. 'या'नेच तुला धरून नेतील." ओमायरा हसायची, आपल्या आईने हे ऐकलं असतं तर झाडूने बडवलं असतं, असं सांगायची. टांटी म्हणायची, तुझ्या आईला सांग, मी जबाबदार. इंग्रजीही ती डोंगराची शिकली, शब्द लांबवून, शेवट खाऊन टाकून. आपली भाषा तिने एका बाजूला सारली. नळ सोडून केलेले फोनही विरळ होत गेले.

मे महिन्यात क्रुसापुढच्या जागराला चौकीवरचा एक पोलीस येऊन बसला. वाटीभर सूप पीत त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओमायराची पाळी आली. तिने ग्रासा म्हटलं, स्वच्छ, ठसठशीत. पोलिसाने मान डोलावली आणि जुन्या घराण्यांनी हे सगळं किती छान टिकवून ठेवलंय असं शेजारणीला सांगितलं. त्या रात्री ओमायरा कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

अशी काही वर्षं गेली. तिची म्हणायची तर चांगलीच वर्षं. टांटी तिच्यावर डाफरायची, ओमायरा तिचे पाय चोळायची, रविवारी दोघी नीरफणस भाजून खारवलेल्या माशाबरोबर खायच्या. मग टांटीने अंथरूण धरलं. पोट फुगलं, अन्न जाईना. रेनॉल्ड दोनदा येऊन गेला, एकदा डॉक्टर घेऊन आणि एकदा वकील घेऊन. ओमायरा दोन्ही वेळा मागच्या रानात जाऊन बसली.

शेवटच्या आठवड्यात टांटीने तिला उशाशी बोलावलं.

"मला घरातून न्यायच्या आधी माळ तू म्हणायचीस."

"म्हणेन, टांटी."

"नीट म्हणायचीस. 'या'सकट."

ओमायरा तिची उशी सारखी करू लागली.

"माझी आई अडाणी होती, तिला माफ. मला तर तू सांगितलंस. कळल्यावरही मी तशीच जाऊ? वर गेल्यावर त्या मारियेच्या तोंडाकडे कशी बघू?"

"घर भरलेलं असेल, टांटी. सगळे ऐकतील."

"ऐकू दे. एकदाच तर म्हणायचंय. एका माणसासाठी."

ओमायराने तिचा हात धरला आणि हो म्हणाली. खरं मनापासून म्हणाली. या बेटावर तिला कोणी माणूस म्हणून दारात घेतलं असेल तर ते या बाईने, आणि तिने ओमायराकडे कधी काही मागितलं नव्हतं. हा एक शब्द सोडून.

टांटी गुरुवारी पहाटे गेली. शनिवारी सकाळी घर माणसांनी भरलं. चर्चमध्ये सगळं इंग्रजीत होणार होतं, जुनी माळ म्हणायची ती घरातच, पेटी उचलण्याआधी. ओमायरा पेटीशी गुडघे टेकून बसली. रेनॉल्ड काळ्या सुटात समोर उभा होता, शेजारी बायको, आणि बायकोच्या पलीकडे एक अनोळखी माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, गळ्यात फोटोचं ओळखपत्र. ओमायराने शेजारच्या क्लोतिल म्हातारीला डोळ्यांनीच विचारलं. क्लोतिल कानाशी लागली. तो रेनॉल्डच्या बायकोचा भाऊ, म्हणाली. विमानतळावर असतो. पासपोर्ट बघतो वाटतं.

ओमायराच्या डोळ्यांसमोर टांटीचा चेहरा होता, मेणासारखा, कापूस लावलेला. आणि त्या चेहऱ्यापलीकडे इरापाचा धक्का दिसत होता, बोटीतून उतरवलेल्या माणसांची रांग, आणि धक्क्यावर हाताची घडी घालून वाट बघणारे ते.

"घे कझिन, सुरू कर," कोणीतरी म्हणालं.

तिने सुरू केलं. तो शब्द आला तेव्हा तिने तो गिळला. ग्रासा. मागून सगळ्या घराने सवयीने साथ दिली. तिने मनाशी म्हटलं, दुसऱ्या मण्याला म्हणते. दुसऱ्याला तो माणूस तिच्याकडेच बघत होता. मग म्हटलं, पहिले दहा मणी होऊ देत, लोकांचं लक्ष उडेल तेव्हा म्हणते. लोकांचं लक्ष उडालं, बायका मुलांना दटावू लागल्या, बाहेर कोणी गाडी मागे घेत होतं, तरी जीभ वळली नाही. तिने आवाज खाली आणून पाहिलं, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. अखेरचा मणी बोटांत आला. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पुरतं कळत होतं. तिने टांटीकडे बघायचं टाळलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ग्रासा म्हणाली. मग पेटीचं झाकण लावलं.

दफनाहून लोक परत आले, कॉफी आणि बिस्किटं सुरू झाली, ओसरीवर रमच्या बाटल्या उघडल्या. ओमायरा स्वयंपाकघरात कप विसळत होती. रेनॉल्ड आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"टांटीने मला सांगितलं होतं तुझं," तो म्हणाला. "सगळं. कुठली, कशी आलीस, शिक्का कधीचा. वकिलाला घेऊन आलो होतो ना, तेव्हा."

ओमायराचे हात पाण्यातच राहिले.

"घाबरू नकोस. मला कोणाला सांगायचं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. म्हातारी म्हणाली, तिला सांभाळ. आणि म्हणाली, माझ्या अंत्यविधीला येऊन ऐक, ती माझ्यासाठी नीट म्हणणार आहे. खूश होती. मरायला टेकलेली बाई, पण पोरीसारखी खूश होती. मी त्यासाठी पुढे उभा होतो."

"तुमचा मेव्हणा," ओमायरा कशीबशी म्हणाली. "विमानतळावरचा. मला वाटलं..."

रेनॉल्डला आधी कळलंच नाही. मग तो हसला. "तो? तो सामानाच्या गाड्या ढकलतो."

बाहेर कोणीतरी पत्त्यांचा डाव मांडला होता आणि हशा चालला होता. रेनॉल्डने खुर्ची ओढली. घर आता त्याचं होतं. वरच्या खोल्या तो शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देणार होता. ओमायराने खाली कोकोच्या कोठीत राहायचं, मळा बघायचा, पाहुण्यांचं रांधायचं, चादरी धुवायच्या. पगाराचं पुढे बघू, असं तो म्हणाला. मग तो उठला, आणि दाराशी थांबून, अगदी शांतपणे, जणू हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला,

"तू कबूल होशील हे मला सकाळीच कळलं. जी बाई टांटीसाठी एक शब्द नीट बोलली नाही, ती मला नाही म्हणायची नाही."

ओमायराने हात पुसले. तो खरं बोलत होता, आणि वाईट माणसाच्या तोंडचं खरं ऐकण्यासारखी शिक्षा नाही. ती कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर गेली. मेव्हण्याने दोन चमचे साखर मागितली, तिने घातली.

ती अजून तिथेच आहे. कोठीला खिडकी एकच, आणि कोकोच्या वासाने अंथरूण कायम आंबूस. पाहुणे येतात, फोटो काढतात, तिच्या हातचं खाऊन बोटं चाटतात आणि ती कुठली असं विचारतात. ती इथलीच, असं म्हणते. बहिणीचा फोन आला तर उचलत नाही. उचलला तरी आता बोलताना मध्येच इंग्रजी शब्द येतात, आणि बहीण विचारते की तू अशी का बोलतेस. कोणी तिला पकडून नेलं नाही. नेणारही नाही बहुतेक. ज्याच्यासाठी एवढं केलं ते तिला मिळालं, हे मान्य करायला हवं.

गावात मात्र तिचा मान वाढला आहे. माळ म्हणणारे म्हातारे एकेक करून गेले, आणि आता जुन्या वळणाने, एक अक्षर इकडचं तिकडे न करता म्हणणारी कझिनच उरली, असं सगळे अभिमानाने सांगतात. चर्चच्या पोरींना शिकवायला तिलाच बोलावतात. शनिवारी दुपारी त्या ओळीने बाकावर बसतात, ती एकेक ओळ सांगते, त्या मागून म्हणतात. परवा त्यातल्या एकीने, क्लोतिलच्या पणतीने, हात वर केला आणि 'ग्रासा' म्हणजे काय, असं विचारलं.

"कोणास ठाऊक," ओमायरा म्हणाली. "आपल्याकडे असंच म्हणतात. म्हण पुन्हा."